साताऱ्यातला वन्स मोअर

सोमवारी सकाळी मी खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होतो आणि माझी सून उत्कर्षा ओट्याशी उभी राहून, एका हाताने डबा भरत, दुसऱ्या हातातल्या फोनकडे बघून हसत होती. तेवढ्यात त्या फोनमधून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोऽऽअर!" माझा हात गालावरच थांबला. स्वतःचा आवाज माणसाला परका वाटतो म्हणतात. मला तसा कधी वाटला नाही. एकतीस वर्षं मी तो सांगली स्टँडच्या कर्ण्यांतून परत येताना ऐकला आहे. "बाबा, ऐकलंत का? साताऱ्यातल्या नाटकातलं आहे, सगळ्या ग्रुपवर फिरतंय. आवाज अगदी तुमच्यासारखा आहे, नाही?" उत्कर्षाच्या बोलण्यात खोच नव्हती. तिच्या बोलण्यात ती कधीच नसते, आणि म्हणूनच तिच्याशी खोटं बोलणं मला सोपं जातं. "असेल कोणीतरी शौकीन," मी म्हणालो. ती क्लिप पुढे बघत राहिली आणि तिचं हसू हळूहळू उतरलं. "अगं बाई, ही आपल्या हरीकाकांची ज्ञानदा ना? बिचारी! कसं लोक हसतायत. तुम्ही शनिवारी तिथेच होतात ना, कोण होता हो तो?" मागे कोणीतरी होता, असं मी म्हणालो आणि अर्धवट दाढी तशीच टाकून मोरीत तोंड धुवायला गेलो. थंड पाणी चांगलं तीनचार वेळा तोंडावर मारलं. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि सुनेसमोर उभं राहायची मला लाज वाटत होती.

माझं नाव मल्हार. नाटकवेड्या बापाने ठेवलेलं नाव, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. गाता मला कधीच आलं नाही, पण आवाज होता. स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो, लोकांच्या भाषेत कंट्रोलर. वीज गेली की माइक बाजूला ठेवून मी नुसत्या तोंडाने तासगाव, मिरज, इस्लामपूर पुकारायचो आणि शेवटच्या फलाटावर डुलकी लागलेला माणूस खडबडून उठायचा. तोच आवाज मी नाट्यगृहात न्यायचो. संगीत नाटकाचं ज्यांना माहीत नाही त्यांना हे सांगून पटत नाही, की प्रेक्षकाला एखादं पद आवडलं की तो "वन्स मोअर" ओरडतो आणि नाटक थांबतं. खरोखर थांबतं. राजा असो, भिकारी असो, नुकताच बाण लागून पडलेला का असेना, नट सावरून उभा राहतो, खाली ऑर्गनवाला सूर देतो, तबलजी हातोडीने ठाकठोक करून घेतो आणि पद पुन्हा होतं. पहिल्यापेक्षा चांगलं होतं, कारण आता गाणाऱ्याला माहीत असतं की समोर ऐकणारा माणूस आहे. माझा वन्स मोअर कधी पडायचा याचं एक शास्त्र होतं. शेवटची सम आली की टाळ्या सुरू व्हायच्या आधी जेमतेम एक श्वासाची जागा असते, तिथे. मी तो उधळला नाही. एका नाटकाला एक, फार तर दोन, आणि कित्येक नाटकांना एकही नाही. विंगेतून गायक मंडळी विचारायची, "आज कंट्रोलर आलेत का?" आणि हे मला कोणी येऊन सांगितलं की पुढचे आठ दिवस मी स्टँडवर कंडक्टरांशीही गोड बोलायचो.

आता मला बदल सोसत नाहीत असं म्हणणं फार सोपं आहे. उत्कर्षा मनातल्या मनात म्हणतही असेल. पण बदलांचा मला अभ्यास आहे. माझे चुलते आप्पासो, त्यांच्या लहानपणी खेळ पहाटेपर्यंत चालायचे आणि पदंच साठ-सत्तर असायची, असं सांगत. माझ्या पिढीला तीन तासांचं नाटक मिळालं, पदं वीसबावीस. आप्पासो त्याला नाटकाचं पोट फाडणं म्हणायचे. मग रंगमंचावर माइक लोंबायला लागले. पहिल्यांदा ते बघितले तेव्हा आप्पासो पहिल्या अंकातच काठी घेऊन उठले आणि दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गळ्यात दम नाही म्हणून तारेनं गातायत." मी तेव्हा अठरा-एकोणीसचा. मान खाली घालून बसलो होतो. म्हाताऱ्याला अक्कल नाही, इतकं चांगलं ऐकू येतंय आणि हा उठून चाललाय, असं मला वाटलं होतं. पुढे बऱ्याच ठिकाणी ऑर्गन गेला आणि सिंथेसायझर आला, तेव्हा मी काही काठी आपटली नाही, पण घरी येऊन शरयूला, माझ्या बायकोला, जेवण होईपर्यंत ऐकवत बसलो. ती पोळी वाढत म्हणाली होती, "तुम्ही अगदी आप्पासो झालात." ती गेली त्याला सहा वर्षं झाली. आता तर गालाला चिकटवलेले माइक, मागे भिंतभर पडद्यावर डोंगर हलतात, वीस पोरं एकाच वेळी उड्या मारतात आणि गाण्याची साथ कुठून येते तर एका लॅपटॉपमधून. ट्रॅक म्हणतात त्याला. ट्रॅक सुरू झाला की झाला. त्याला गाणाऱ्याचा श्वास कळत नाही, टाळी कळत नाही. ज्या नाटकाला थांबता येत नाही त्याला प्रेक्षक लागतो कशाला, हे माझं मत मी गेली पाच वर्षं जो भेटेल त्याला सांगत आलो आहे. ते मत अजूनही मला खोटं वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे. माणूस खोट्या मतापायी वाईट वागला तर निदान मत टाकून देता येतं.

हरीची आणि माझी मैत्री त्रेचाळीस वर्षांची. माधवनगरचा, बाप गिरणीत मागावर. हरीने मात्र मागाला हात न लावता पेटी धरली आणि पुढे ऑर्गन. तो खाली रंगमंचापुढच्या खड्ड्यात ऑर्गनवर आणि मी सातव्या रांगेच्या टोकाला, अशी आमची अर्धी जिंदगी गेली. त्याची मुलगी ज्ञानदा लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झाली, आणि ती सहा-सात वर्षांची असल्यापासून रविवारी सकाळी मी त्यांच्या झोपाळ्यावर बसलेला असे. हरी तिला पद शिकवायचा. ते तिला जमलं की मी झोपाळ्यावरून वन्स मोअर द्यायचो. पोरगी आनंदाने लाल व्हायची आणि पुन्हा गायची. नाही जमलं तर मी गप्प बसायचो, ती कितीही वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली तरी. हरीची बायको म्हणायची, द्या हो एखादा, लहान आहे ती. मी द्यायचो नाही. ज्ञानदाला मी समोर बसवून सांगितलं होतं, "वन्स मोअर आला की थांबायचं. मरून पडलेली असलीस तरी उठायचं. ऐकणाऱ्याला नाही म्हणायचं नाही." ती मान हलवायची. आज ती सत्तावीस वर्षांची आहे, पुण्याला शिकून आली आहे, आणि या नव्या नाटकात मुख्य भूमिका तिची आहे. महाबळेश्वरात टॅक्सी चालवणाऱ्या मुलीची गोष्ट. पावसाळ्यात पॉइंट बंद, हॉटेलं रिकामी, आणि ही पोरगी धुक्यातून कोणाकोणाला खाली वाईपर्यंत सोडते, असं काहीतरी. गोष्ट वाईट नाही, हे मी हरीजवळसुद्धा कबूल केलं नाही.

कारण या नाटकाच्या लॅपटॉपमधला ऑर्गन हरीचाच होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाचा कप धरताना तो दुसरा हात खाली लावतो. सलग तीन तास वाजवणं आता त्याच्याकडून होणार नाही, पण पुण्याच्या स्टुडिओत त्याने चार दिवस बसून, थांबत थांबत, एकेक तुकडा वाजवला आणि त्या पोरांनी तो जोडून घेतला. परत आला तेव्हा काय खुशीत होता! "मल्ह्या, लेका, माझा हात थरथरतोय त्यातलं काय म्हंजे काय ऐकू येत न्हाई बघ. पंचवीस वर्षांपूर्वीचा हरी वाजवतोय असं वाटतंय." आणि मी म्हणालो, "डब्यातला ऑर्गन. डबा उघडा आणि वाढा." तो हसला. हरी नेहमी हसतो. मग म्हणाला, साताऱ्याला पहिला प्रयोग आहे, शनिवारी पाचला, तू यायचंस. मी म्हणालो, येतो की, तुमचा डबा वन्स मोअर देतो का ते बघायला. हे मी बोललो होतो. त्याला ते आठवत असेल का, हा विचार गेले दोन दिवस माझी पाठ सोडत नाही.

शनिवारी साताऱ्याच्या नाट्यगृहात मी सातव्या रांगेतच बसलो. हरी मागे आवाजाच्या टेबलापाशी होता. त्या मुलांनी त्याच्या कानाला मोठे हेडफोन लावून दिले होते आणि तो डोळे मिटून स्वतःचाच ऑर्गन ऐकत होता. पडदा उघडला तर स्टेजवर खरीखुरी अर्धी टॅक्सी, पुढचा भाग कापलेला, आणि इतका धूर सोडलेला की पहिल्या रांगेतले दोघंतिघं खोकायला लागले. नाचणारी मुलं निळे रेनकोट घालून टॅक्सीभोवती फिरत होती. ज्ञानदा टॅक्सीच्या टपावर चढून बसली आणि गायला लागली. टपावर बसून पद! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गालावर तो माइकचा काळा किडा. माझ्या शेजारचा तरुण मांडीवर ताल धरत होता, सगळं थिएटर कसं खूश होतं, आणि मला वाटत होतं की एवढ्या माणसांत मीच एकटा बेवारशी बसलोय. ह्यांना दाखवायला पाहिजे. आत्ता, इथे, ह्यांना कळलं पाहिजे की काय गेलंय. मी सरळ बसलो, छाती भरून घेतली. सम आली, आणि टाळ्यांच्या आधीच्या त्या एका श्वासात मी माझा आवाज टाकला. तसा आवाज मी चांगल्यात चांगल्या पदालासुद्धा लावला नव्हता.

ज्ञानदा थांबली. मला वाटलं होतं ती थांबणार नाही. ती पुढे निघून जाईल, लोक बघतील की हे नाटक ऐकणाऱ्याला उत्तर देत नाही, आणि माझं म्हणणं सिद्ध होईल, एवढाच माझा हिशेब होता. पण ती टपावरच वळली, हात जोडून नमस्कार केला आणि पद पहिल्यापासून सुरू केलं. ट्रॅक पुढे गेला होता. नाचाची धून वाजायला लागली, निळे रेनकोट आत घुसले, त्यातल्या एकीचा पाय टॅक्सीच्या दारात अडकला. ज्ञानदा एका सुरात, हरीचा ऑर्गन दुसऱ्याच. तिने दोन ओळी रेटल्या, मग सूर पकडायला गेली आणि तोही सुटला. आधी कोणीतरी एक हसलं, मग सगळे. ती टपावरून उतरत होती आणि उतरायची शिडी धुरात तिला सापडत नव्हती. शेवटी पडदा पाडला.

याच्या पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. दिवे लागले, दोन कार्यकर्ते रांगांमधून आले आणि विचारायला लागले, कोण ओरडलं, कोण ओरडलं. अंधारात आवाज नेमका कोणाचा ते कोणाला कळलं नव्हतं, सगळे इकडेतिकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं. त्यांच्यातला एकजण माझ्यापाशी थांबला, "आजोबा, इथूनच आवाज आला ना?" मी फक्त मान जराशी मागे केली. माझ्या मागे एक दांडगा माणूस बसला होता, लष्करातून रिटायर झाल्यासारखा, कडक मिशा, शेजारी बायको. मगाशी लोक हसले तेव्हा तोही मोठ्याने हसला होता. त्याला उठवलं. "आवं, मी कशाला वरडू? माझी पोरगी नाचतीया तितं," तो म्हणाला. कार्यकर्ता म्हणाला, पोरगी आहे म्हणूनच जोर आला असेल. त्या माणसाने एकदा पडद्याकडे बघितलं. हाताने चांगला जबर, मनात आणता तर दोघांना उचलून ठेवता. "बरं, जातो," तो म्हणाला, "खेळ थांबाया नगो." बायकोला खुणेने बस म्हणाला आणि गेला. खेळ पुन्हा सुरू झाला. मध्यंतरात हरी आला, चेहरा पांढराफटक, हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता. "कोण होता रं? माझ्या कानाला ते लावलेलं, मला काय कळलंच न्हाई." मी म्हणालो, मागचा कोणीतरी होता, काढला बाहेर त्याला. "बरं केलं," हरी म्हणाला. नाटक संपल्यावर बाहेर आलो तर तो माणूस फाटकापाशी उभा होता, हातात वडापावचा पुडा. मला बघून पुढे आला. मला वाटलं, ओळखलं. तो म्हणाला, "पावनं, तुमी आत हुता न्हवं? आमची सृष्टी दिसली का वो? निळा झगा, डावीकडनं तिसरी." मी म्हणालो, दिसली की, फार छान नाचली. "व्हय?" तो म्हणाला आणि त्याचं तोंड असं काही फुललं की मी तिथून अक्षरशः पळालो. मागून गर्दीतून बाहेर येता येता त्याची बायको त्याला हाक मारत होती, मानसिंगराव, थांबा की. म्हणून नाव तेवढं कळलं. कराडपर्यंत एसटीत मी डोळे उघडले नाहीत.

हरीचा फोन सोमवारी दुपारी आला. "ज्ञानदा रविवारी उभी ऱ्हात न्हाई म्हणती. सांगलीचा प्रयोग, आपल्या गावात. दुसरी पोरगी घ्या म्हणती. लोकांनी ती क्लिप का काय पाठवलीया, मी बघितली न्हाई, मला बघवंना. तू ये आणि बोल. तुझं ऐकती ती." मी रिक्षा केली. सगळ्या रस्त्याने मी वाक्य जुळवत होतो. आधी ओरडल्याचं सांगायचं, मग मानसिंगचं, दोन्ही हरीच्या समोर, मग जे व्हायचं ते होऊ दे. चांगलं ठाम ठरवलं होतं. पण मी पोचलो तर हरी पायात चपला घालूनच उभा होता. "तुमी बोला, मी दळण घिऊन येतो," म्हणाला आणि गेला. ज्ञानदा झोपाळ्यासमोर सतरंजीवर बसली होती. डोळे रडलेले नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"ज्ञानदा, शनिवारी तो जो ओरडला—"

"तुम्हीच होतात, काका. मला माहीत आहे." ती इतक्या सहज म्हणाली की मी झोपाळ्यावर बसता बसता राहिलो. "पहिला शब्द पडला तेव्हाच ओळखलं. दुसऱ्या कोणाला मी थांबलेच नसते. तालमीत शंभर वेळा सांगितलं होतं, टाळ्या पडू देत, काही होऊ दे, ट्रॅक पुढे जातो, थांबायचं नाही. पण तुम्ही वन्स मोअर उगाच कधी दिला नाहीत. लहानपणी मी रडले तरी दिला नाहीत. मला वाटलं, काकांनी दिला म्हणजे आज काहीतरी लागलं."

ती पुढे सरकली. "बाबांना मी सांगितलं नाही. हसले लोक, त्याचंही मला एवढं नाही. पण दोन दिवस मी ते पद म्हणून बघतेय आणि मला कळत नाही, नेमकं काय लागलं होतं. तेच सापडत नसेल तर रविवारी उभी राहून काय करू? तुम्ही सांगा ना. कुठली जागा होती?"

त्रेचाळीस वर्षांतल्या पदांच्या जागा मला पाठ आहेत. कोणी कुठल्या नाटकात कुठल्या अक्षरावर किती वेळ थांबलं, कोणाचा निषाद कुठे हलला, झोपेतून उठवून विचारा. आणि ज्ञानदाच्या पदातलं मला एक अक्षर आठवेना. चाल आठवेना. तिचं तोंड उघडलेलं आठवत होतं, माइकचा किडा आठवत होता, माझी भरलेली छाती आठवत होती. ती वाट बघत होती, आणि त्या नजरेपुढे मला खरं बोलवेना. नाटकातल्या पदाचं अंग मला ठाऊक आहे, जागा कुठे असतात ते ठाऊक आहे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "दुसऱ्या अंतऱ्यात. वर जाताना तू शब्द जरा ओढून धरलास आणि मग सोडलास, ती."

ज्ञानदा मग हळू म्हणाली, "काका, त्या पदाला दुसरा अंतराच नाही. मुखडा आणि एकच कडवं. लगेच नाच सुरू होतो."

बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तो पुन्हा पुन्हा किक मारत होता. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "तुम्ही ऐकलंच नव्हतं का?" मी मान खाली घातली. "एक ओळसुद्धा?" मी म्हणालो, नाही. ते एक नाही म्हणायला मला तिथवर यावं लागलं. त्याच्या मागोमाग मानसिंगचंही सांगून टाकलं, कशी मान मागे केली ते. ती म्हणाली, "सृष्टीला वाटतंय, वडील लाज वाटून उठून गेले," आणि उठून तिने एका कागदावर सृष्टीच्या वडिलांचा नंबर लिहून माझ्या हातात दिला.

हरी दळणाचा डबा घेऊन आला तेव्हा घामाघूम झाला होता. डबा खाली ठेवता ठेवताच त्याने विचारलं, "काय ठरलं?"

"रविवारी उभी राहते, बाबा," ज्ञानदा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "काकांनी समजावलं मला. वन्स मोअर कोणाचाही येऊ दे, आता थांबायचं नाही म्हणाले."

हरीच्या तोंडावर आधी सुटकेचं हसू आलं आणि मग ते तसंच राहून गेलं. तो माझ्याकडे वळला. "मल्ह्या? हे तू सांगितलंस?"

ज्ञानदा माझ्याकडे बघत नव्हती. ती पिठाच्या डब्याचं झाकण नीट लावत होती.

"हो," मी म्हणालो, "मीच सांगितलं."